अकरा की एक

८ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

पेटी शनिवारी पोचली. बर्फ वितळून गेला होता, पण नळ्यांतलं अल्कोहोल शाबूत होतं, त्यामुळे काही बिघडलं नाही. दादाला सांग, बुचं हल्ली छान घट्ट लावलेली असतात. पूर्वी निम्मी पेटी भिजून यायची आणि आमच्या मदतनीस बाई नाकाला रुमाल लावून ती उघडायच्या. दोन वर्षं कानीकपाळी ओरडून जे जमलं नाही, ते या मे महिन्यापासून एकदम जमायला लागलं याचं मला नवल वाटतं.

मी बरी आहे. काम मात्र मानेवर बसलंय. नदी समिती डिसेंबरात बसणार आहे. खालच्या पात्रात मासे धरायचे नवे पिंजरे लावायला दिलेला परवाना वाढवायचा की नाही, ते तिथे ठरेल. त्याआधी नदीत पाणमांजरं किती उरलीत हा आकडा त्यांना माझ्याकडून हवाय. मागच्या दोन वर्षांत तुम्ही पाठवलेल्या विष्ठेतल्या डीएनएवरून आपण अकरा जनावरं वेगवेगळी ओळखली होती. यंदाचा हिशेब अजून जुळवते आहे.

हे पत्र दादाला न लिहिता तुला लिहिते, कारण त्याला विचारलं की 'सगळं झकास' एवढंच उत्तर येतं. त्याची तब्येत कशी आहे? खाडीच्या तोंडापासून वरच्या बंधाऱ्यापर्यंत बारा किलोमीटर अजून तो स्वतः चालतो का? अठ्ठावन्नाव्या वर्षी नदीरक्षक दमला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. एखादी फेरी चुकली, तर चुकली. मला फक्त माहीत असलेलं बरं.

मी विचारलं म्हणून त्याला सांगू नकोस.

तुझी,
बारकी

*

१५ ऑक्टोबर

प्रिय बारके,

सांगू नकोस म्हणतेस. या चौकीत दोन खोल्या, एक टेबल आणि समोर बसलेले हे. तुझं पत्र वाचायला मला बादली घेऊन मागच्या पायरीवर जावं लागलं. फोनला रेंज नाही म्हणून पेटीतून पत्रं पाठवायची, आणि तीही चोरून वाचायची, म्हणजे अतिच झालं.

तुझा दादा ठणठणीत आहे. पंधरवड्यातून दोनदा सकाळी सहाला निघतो, जेवायच्या वेळेला परत येतो. बाराच्या बारा किलोमीटर. एकही फेरी चुकलेली नाही. बुचांचं म्हणशील तर माणूस सुधारतो. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर मागच्या आठवड्यात यांनी ओला टॉवेल आपणहून वाळत घातला. त्यापुढे बुचं काहीच नाहीत.

पण एक विचारू? दोन वर्षांत तुझी पत्रं म्हणजे नळ्या, तारखा आणि 'पेटीवर पत्ता नीट लिहा'. भावाच्या चालण्याची चौकशी तू एकदाही केली नव्हतीस. आता एकदम केलीस. कोणी काही कानाला लागलंय का तुझ्या? असेल तर सरळ विचार. आडून आडून विचारलेलं मला लगेच कळतं, मी सव्वीस वर्षं शाळेत शिकवलंय.

वहिनी

*

२९ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

उगीच मनाला लावून घेतलंस. कोणी काही बोललेलं नाही. प्रयोगशाळेत नळ्यांचा थोडा गोंधळ झालाय, आमच्याकडूनच, म्हणून खातरजमा करते आहे.

त्यासाठी दोन गोष्टी हव्या आहेत. दादाची रोजची वही, मेपासूनची, आहे तशी पाठव. आणि त्याला म्हणावं, कुठल्या दगडावर, कुठल्या वळणावर काय सापडलं ते स्वतःच्या हाताने एका कागदावर लिही. त्याच्याच हाताने. मी वाचून वही परत पाठवीन.

बाकी ठीक.

बारकी

*

६ नोव्हेंबर

बारके,

वही पाठवता येत नाही. होडीत पडली होती, भिजली, पानं एकमेकांना चिकटली आहेत. यांचं मनगटही मुरगळलंय, त्यामुळे लिहिणं तूर्त बंद. यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, तो कागद सोबत आहे.

आता माझं ऐक. गेल्या मंगळवारी चौकीवर एक माणूस आला. तुझ्याच संस्थेचं ओळखपत्र गळ्यात. पक्ष्यांचे फोटो काढायला आलो म्हणाला, पण नदीपेक्षा आमच्या दाराकडेच जास्त बघत होता. साहेब किती वाजता निघतात, बरोबर कोण असतं, निवृत्तीला किती वर्षं राहिली, सगळं गोड बोलून विचारलं. जाताना कपाटाचा, नळ्यांच्या फळीचा आणि माझ्या ओल्या चपलांचा फोटो काढला. चपलांवर कुठले पक्षी बसतात ते त्यालाच ठाऊक.

चौकी बंद करायचं चाललंय का? तसं असेल तर ते आम्हाला तुझ्या तोंडून कळावं, फोटोवाल्याकडून नको. आईंच्या मागे तुला शिकवलं ते यांनी. मी हे बोलून दाखवणार नव्हते, पण फोटोवाला गेल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

वहिनी

*

१९ डिसेंबर

बारके,

सहा आठवडे झाले, माझ्या पत्राला उत्तर नाही. तीन पेट्या पाठवल्या, त्यांची पोच नाही. आज कळलं का ते.

धक्क्यावर समितीची सूचना लागली आहे. मी दोनदा वाचली. 'जनुकीय अभ्यासानुसार खालच्या पात्रात पाणमांजरांची संख्या अकरा असून ती स्थिर आहे. सबब पिंजऱ्यांचा परवाना वाढवण्यास आणि वरच्या पात्रातही लागू करण्यास हरकत नाही.' खाली तुझं नाव, पदवीसकट.

हे अकरा कुठून आणलेस? गेल्या आठ महिन्यांत आम्हाला या नदीत एक पिल्लू दिसलेलं नाही, एक शीळ ऐकू आलेली नाही. मी यांना सूचना वाचून दाखवली. हे म्हणाले, "तिने मोजलंय म्हणजे असतील. मलाच सापडत नसतील." आणि आत जाऊन पडले.

माझा काही त्या आकड्यावर विश्वास नाही. परवाना कोणाला हवा होता आणि त्यासाठी तुझ्याकडून अकरा कोणी लिहून घेतले, हे तू मला सांगणार आहेस का? की नदीवरच्या माणसांना काही कळत नाही, असं तुम्ही लोकांनी धरूनच चालायचं?

वहिनी

*

२४ डिसेंबर

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. माझ्याकडून कोणी काही लिहून घेतलेलं नाही. तुम्ही सरळ विचारलंत, तर सरळच लिहिते.

मेपासून ऑक्टोबरपर्यंत तुमच्याकडून अडतीस नळ्या आल्या. त्यांच्यावर नऊ ठिकाणांची नावं आहेत, खाडीच्या तोंडापासून बंधाऱ्यापर्यंत. अडतीसच्या अडतीस नळ्यांत एकच जनावर निघालं. एकच मादी. मी यंत्र बदललं, रसायनं बदलली, तिसऱ्यांदा पहिल्यापासून सगळं केलं. तीच मादी. आदल्या वर्षी ज्या नदीत अकरा होती, तिथे सहा महिने नऊ ठिकाणी फक्त एकच? याचा अर्थ कोणीही एकच काढील. चौकीजवळच्या एका दगडावरून विष्ठा उचलायची, नळ्यांत वाटायची आणि चिठ्ठ्यांवर नऊ गावं लिहायची.

चिठ्ठ्यांवर सही दादाची आहे, अक्षर त्याचं नाही. त्याचा नऊ पोट सुटल्यासारखा असतो, हा शाळेच्या फळ्यावरचा नऊ आहे. ऑगस्टच्या एका नळीत हातभर लांब केस सापडला, मुळाशी पांढरा. दादाच्या डोक्यावर केस उरले नाहीत हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. फोटोवाल्याला मीच पाठवलं होतं. तुम्ही वही दिली नाहीत, मनगटाचं कारण सांगितलंत, तेव्हाच माझी खात्री पटली.

खरं कारण अहवालात लिहिलं असतं तर दादाची नोकरी गेली असती आणि चौकशी लागली असती. म्हणून 'तांत्रिक कारणाने नमुने अपात्र' असं लिहून त्या नळ्या मी बाजूला ठेवल्या आणि मागचाच आकडा कायम केला. तुमच्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा अहवालात खोटं लिहिलं. निदान मला आईच्या मागची आठवण तरी करून देऊ नका.

नंतरच्या तीन पेट्या मी उघडलेल्या नाहीत.

बारकी

*

३० डिसेंबर

बारके,

पहिल्या ओळीतच 'तुमचं' वाचलं आणि पुढे काय येणार ते कळलं. लग्न होऊन आले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. माझ्या हातून वेणी घालून घ्यायचीस तेव्हापासून मी 'तू' होते. एका केसावरून 'तुम्ही' झाले.

केस माझाच आहे. अक्षरही माझंच. आता सगळं सांगते, कारण लपवण्यासारखं तू काही शिल्लक ठेवलेलं नाहीस.

मागच्या फेब्रुवारीत यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, मधलं नाही. माझ्याकडे बघायचं असलं की हे माझ्या कानाकडे बघतात. वाट ओळखतात, माणूस आवाजावरून ओळखतात, पण अक्षर नाही आणि दगडावरची विष्ठा तर नाहीच. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. कळवलं तर नोकरी जाईल आणि नोकरीबरोबर चौकी. हे एवढंच म्हणाले, "नदी सोडून मी करू काय?" मी शाळेची नोकरी मुदतीआधी सोडली आणि मेपासून यांच्याबरोबर चालायला लागले. तुला कळवलं नाही, कारण तू संस्थेची. कळूनही गप्प बसायचं संकट तुझ्यावर नको, असं हे म्हणाले. ते तू आपणहूनच ओढवून घेतलंस.

आता नीट वाच. गोळा करणाऱ्याचं नाव आम्ही खोटं लिहिलं. नळ्या खोट्या भरल्या नाहीत. एकही नाही. बाराच्या बारा किलोमीटर आम्ही चाललोय. हे पुढे, काठी टेकत, प्रत्येक दगड पावलांनी मोजून. 'आता डावीकडे चपटा खडक येईल, त्याच्या टोकावर बघ.' मी बघते. सापडलं की हे गुडघ्यावर बसून वास घेतात आणि ताजी की शिळी ते सांगतात. सुरुवातीला मला शिसारी यायची. आता मलाही कळतो तो वास, माशाचा आणि ओल्या गवताचा मिसळलेला. मग मी नळीत भरते, बूच घट्ट लावते, चिठ्ठी लिहिते. वही भिजली नव्हती. ती सगळी माझ्या अक्षरात होती म्हणून पाठवली नाही. मनगटालाही काही झालेलं नव्हतं.

आणखी एक आहे. पूर्वी एका फेरीत पंधरा-वीस जागी सापडायच्या. मेपासून एक-दोन. यांना वाटलं, नवशिकी आहे, हिच्या नजरेतून सुटतंय. मला वाटलं, यांना जागा नीट आठवत नाहीत. एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून दोघंही बोललो नाही. नदीत काही कमी झालं असेल हे आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नाही. प्रत्येकाला वाटलं, चूक घरातलीच आहे.

तुलाही तेच वाटलं.

वहिनी

*

११ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचल्या वाचल्या मी विश्वास ठेवला असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. ठेवला नाही. दादाच्या डोळ्यांचं वाचून मी प्रयोगशाळेच्या जिन्यात जाऊन रडले, हे खरं. पण रडून झाल्यावर पहिला विचार आला तो असा, की डोळ्यांचं खरं असेलही, त्यावरून नळ्या खऱ्या ठरत नाहीत.

मग एक सुचलं. डीएनए काढून घेतला तरी नळीच्या तळाशी चोथा उरतो, तो आम्ही फेकत नाही. त्या अडतीस नळ्यांचा चोथा मी धुऊन, गाळून भिंगाखाली धरला. खाडीच्या तोंडाची नावं असलेल्या चौदा नळ्यांत खाऱ्या पाण्यातल्या खेकड्यांची कवचं होती. बंधाऱ्याजवळच्या नळ्यांत एकही कवच नाही, नुसते गोड्या पाण्यातल्या माशांचे खवले. मधल्या पुलाजवळच्यांत दोन्ही, थोडं थोडं. चौकीजवळच्या एका दगडावरून अडतीस नळ्या भरल्या असत्या तर असं दिसलंच नसतं. हे खोटं करायला माझ्याइतकं शिकावं लागलं असतं, आणि तरी ते सुचलं नसतं.

न उघडलेल्या तीन पेट्याही उघडल्या. अकरा नळ्या. तीच मादी.

म्हणजे चिठ्ठीवरचं नाव सोडलं तर सगळं खरं होतं. नदीत एकच पाणमांजर आहे आणि ते बाराच्या बारा किलोमीटर एकटं फिरतंय. शेजारी उरले नाहीत की जनावराची हद्द पसरत जाते, हे मी दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. माझ्या टेबलावर तेच पडलेलं होतं आणि मी तुझ्या अक्षरातला नऊ तपासत बसले.

बाकीची दहा कुठे गेली? पिंजरे मागच्या हिवाळ्यात लागले. माशांसाठी आत शिरायला सोपे, बाहेर यायला बंद. पाणमांजराला दर काही मिनिटांनी श्वासासाठी वर यावं लागतं. मला पुरावा नाही, पण मला दुसरं काही सुचत नाही. आणि माझ्याच आकड्यावर ते पिंजरे आता वरच्या पात्रातही लागताहेत.

मला समितीपुढे जाऊन हे सांगायला हवं. पण नळ्या कोणी गोळा केल्या हे सांगितल्याशिवाय ते सांगता येणार नाही. माझं काय व्हायचं ते होईल, ते मी केलेलं आहे. तुमची चौकी मात्र जाईल. तुला विचारल्याशिवाय मी जाणार नाही. पण लवकर कळव.

तुझी,
बारकी

*

१५ जानेवारी

बारके,

म्हणजे माझ्या शब्दापेक्षा खेकड्याच्या कवचावर तुझा विश्वास बसला. असो. कोणावर तरी बसला.

यांना पत्र वाचून दाखवलं. 'एकच आहे' इथे आले तेव्हा यांनी मला थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या जागा बरोबर होत्या."

सांग. दोघांची नावं घालून सांग.

वहिनी

*

६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

काल सांगितलं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायच्या आत लिहिते.

लांबट खोली, पाण्याच्या बाटल्या आणि टेबलाभोवती नऊ माणसं. माझ्या शेजारी आमच्या विभागप्रमुख बाई. त्यांना मी आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं की मी उद्या नक्की बोलणार आहे ना. मी बोलले. अडतीस नळ्या, एक मादी, मी त्या का बाजूला ठेवल्या, अकरा हा आकडा कुठून आला. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"म्हणजे तुमचा आकडा डिसेंबरात खोटा होता, की आज खोटा आहे?"

"डिसेंबरात."

"आणि हे नमुने ज्याने गोळा केले त्याला दिसत नाही म्हणता."

"त्याला जागा माहीत आहेत. दिसतं त्याच्या बायकोला."

कोणीतरी हसलं. परवान्याच्या बाजूने आलेले एक गृहस्थ म्हणाले की आंधळा रक्षक, पगारावर नसलेली बायको आणि स्वतःच्या अहवालावर उलटलेली बहीण, हे घरगुती प्रकरण आहे, यावर नदीचा निर्णय कसा घ्यायचा. मला राग आला नाही. ऑक्टोबरात मीही हेच म्हटलं असतं. मी चोथ्याच्या पुड्या टेबलावर मांडल्या, खाडी ते बंधारा अशा ओळीने, आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बघितलं नाही. अध्यक्षांनी बघितलं. पहिल्या पुडीपासून शेवटच्या पुडीपर्यंत, एकेक करून. मग ते म्हणाले की ही माणसं चालली आहेत.

वरच्या पात्रातला परवाना रद्द झालाय. खालचे पिंजरे पंधरा एप्रिलच्या आत काढायचे आहेत. दुसऱ्या नदीतून एखादा नर आणून सोडता येईल का, ते बघायला सांगितलंय.

मला एक वर्ष या प्रकल्पातून काढलंय. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "तुझं काम चांगलं होतं. अहवाल खोटा होता. दोन्ही माझ्या लक्षात राहील." दादाचा आदेश सोबत आहे. मार्चअखेर चौकी रिकामी करायची. निवृत्तीवेतन राहील, एवढं मी विचारून घेतलं.

तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला या. एक खोली रिकामीच असते. हे उपकार म्हणून म्हणत नाही.

आणि एक विचारायचंय. तुझ्या मनात माझ्याबद्दल अढी आहे का? काय असेल ते लिही.

तुझी,
बारकी

*

१८ मे

प्रिय बारके,

उशीर झाला. चौकी आवरण्यात, मग इकडचं लावण्यात दिवस गेले. आम्ही तुझ्याकडे येत नाही, रागाने नव्हे. धक्क्याजवळ जाळी दुरुस्त करायच्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्या आहेत. खिडकी उघडली की पाण्याचा आवाज येतो आणि यांना तेवढा पुरतो. शहरात हे तुझ्या समोरच्या भिंतीच्या कडा बघत बसले असते.

पिंजरे निघाले. एकशे सहा. काढताना नवीन रक्षक होता, पोलीस होते आणि आम्ही दोघं काठावर. खालच्या दुकानातला म्हातारा जाळीवाला यांच्याशेजारी येऊन बसला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग हळूच म्हणाला की गेल्या वर्षीच्या हिवाळ्यापासून आठ पाणमांजरं निघाली होती पिंजऱ्यांत, बुडालेली. त्यातली तीन त्याने स्वतः वाळूत पुरली. दंडाला भिऊन कोणी बोललं नाही. यांनी विचारलं की मला एका शब्दाने का सांगितलं नाहीत. त्यावर तो म्हणाला:

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. रोज तिथूनच जायचात. एकदा तर मेलेलं पाणमांजर पिंजऱ्यात होतं आणि तुम्ही हातभर अंतरावरून गेलात. आम्ही म्हटलं, साहेब बघून न बघितल्यासारखं करतायत. आपल्याला सांभाळून घेतायत."

ते गेल्या वर्षीच्या मे महिन्याच्या आधीचं असणार. तेव्हा हे एकटेच जात होते आणि 'दिसतंय' म्हणून मला सांगत होते. हे काठी टेकत उठले. घरी आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या म्हाताऱ्याला वर बोलावलं आणि डोळ्यांचं सगळं सांगून टाकलं. तो बिचारा उठून उभा राहिला. आता रोज संध्याकाळी येतो आणि नदीत काय दिसलं ते यांना सांगतो, न विचारता.

नर एप्रिलच्या वीस तारखेला सोडला. तुझ्या जागी आलेल्या बाईंनी तो निवडला, आपल्या मादीशी नातं नसलेला, लांबच्या नदीतला. पेटीचं दार उघडलं तसा तो मागे वळूनही न बघता वरच्या अंगाला निघून गेला. नंतर एकोणीस दिवस पत्ता नाही. लोक म्हणायला लागले, परत गेला आपल्या गावाला. नवीन रक्षक चांगला आहे, पण त्याला दगड माहीत नाहीत. शेवटी तोच जिना चढून वर आला आणि यांना म्हणाला, "काका, एकदा बरोबर येता का?" हे चपला शोधायलाही थांबले नाहीत.

मागच्या रविवारी आम्ही तिघं गेलो. बंधाऱ्याच्या खालच्या खडकावर दोन जागी सापडल्या. दोन्ही ताज्या. एकमेकींपासून वीतभर अंतरावर. दोन नळ्या सोबत आहेत. चिठ्ठ्यांवर गोळा करणारी म्हणून माझं नाव आहे, माझ्या नऊसकट. तुझ्या जागेवरच्या बाईंना मी कळवलंय की या नळ्या मला तुझ्याकडून तपासून हव्या आहेत. त्या हो म्हणाल्या. दोन्ही एकाच जनावराच्या की वेगवेगळ्या, यावर यांचं मत ठाम आहे. तिथेच गुडघ्यावर बसून त्यांनी मला सांगितलं. ते काय म्हणाले ते मी तुला लिहिणार नाही.

अढीचं विचारलंस. आहे. यांच्या मनात नाही. यांनी तर त्याच दिवशी म्हटलं की तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. मी इतकी मोठ्या मनाची नाही. चपलांचा फोटो मला अजून आठवतो. पण मीही तुला दोन पत्रांत धडधडीत खोटं लिहिलं आणि तुझ्यावर लाच घेतल्याचा संशय घेतला, हेही मला तितकंच आठवतं. तेव्हा अढी आहे, पण ती दोन्हीकडून धरलेली आहे, एकटीने सोडता येत नाही.

निकाल लागला की पत्राने कळवू नकोस. पत्रांनी आपलं भलं केलेलं नाही. तू ये, आणि तो यांना समोर बसून सांग.

तुझी,
वहिनी